घड्याळ कोणाच्या हाती?

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संपत्ती आणि तंत्रज्ञान यांमुळे माणसाचा स्वतःच्या वेळेवरचा ताबा वाढतो की कमी होतो, या विषयावर मला बोलायला सांगितलं आहे. विषय ऐकायला जड वाटतो. म्हणून मी आमच्या घरातल्या एका छोट्या प्रसंगापासून सुरुवात करते.

मी मूळची मालेगावची. अब्बांनी पस्तीस वर्षं यंत्रमागावर काम केलं. धाकटा भाऊ पुण्यात आहे. मोबाईलवरच्या एका अ‍ॅपसाठी तो लोकांच्या दारात सामान पोचवतो. मागच्या बकरी ईदला तो दोन दिवस घरी आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर अब्बांनी त्याला विचारलं, "सुट्टी कोणी दिली?" तो हसून म्हणाला, "अब्बा, आमच्याकडे कोणी सुट्टी देत नाही. मीच घेतली. पाहिजे तेव्हा काम, नको तेव्हा बंद." अब्बांनी पुढचा प्रश्न केला, "पैसे किती कापले?" भाऊ जरा थांबला. म्हणाला, "कापले नाहीत, पण आठवड्याचा जो जास्तीचा पैसा मिळतो तो गेला. आणि पुढचे काही दिवस कामही कमी मिळेल बहुतेक." अब्बा म्हणाले, "मग ही सुट्टी नाही, बेटा. हा दिवस तू विकत घेतलास."

त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आज मी जे बोलणार आहे ते सगळं त्या एका वाक्याभोवती आहे.

आपण म्हणतो, वेळ सगळ्यांना सारखा मिळतो, गरिबाला चोवीस तास आणि श्रीमंतालाही चोवीसच. हे अर्धसत्य आहे. तास सारखे मिळतात, त्या तासांवरचा ताबा सारखा मिळत नाही. अब्बा बारा तासांच्या पाळीवर जात. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. कारखान्याचे शेठही कधी कधी बारा-बारा तास कारखान्यात असायचे, हे अब्बा स्वतः सांगतात. पण शेठना चहा प्यावासा वाटला की ते उठून जायचे. मुलाला ताप आला तर घरी जायचे. अब्बा एका वेळी सहा माग सांभाळायचे. तार तुटली की माग थांबतो, माग थांबला की कापड थांबतं, आणि मजुरी कापडाच्या मीटरवर. अब्बांना कोणी बांधून ठेवलं नव्हतं. "जायचं तर जा" असंच मुकादम म्हणायचा. पण गेलात तर मीटर पडत नाही. आता भावाचं वाक्य आठवा. पाहिजे तेव्हा काम, नको तेव्हा बंद. पस्तीस वर्षांत यंत्र बदललं, मुकादमाच्या जागी अ‍ॅप आलं, पण दोघांना मिळालेलं स्वातंत्र्य एकाच जातीचं आहे.

त्यामुळे मी 'वेळ आहे की नाही' हे विचारत नाही. मी दोन प्रश्न विचारते. माझ्या दिवसाचं वेळापत्रक कोण ठरवतं? आणि मी 'नाही' म्हटलं तर मला त्याची किती किंमत मोजावी लागते?

हे प्रश्न नवे नाहीत. आपल्या महाराष्ट्रातच त्यांचा मोठा इतिहास आहे आणि तो तुम्हाला माहीत असायला हवा.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली. सुरुवातीच्या काळात गिरणी साधारण सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालायची. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून काम थोडं कमी, उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त. मजुराचे हाल होतेच, पण एक मर्यादा होती आणि ती निसर्गाने घातलेली होती. अंधार पडला की धागा दिसत नाही आणि काम थांबतं.

मग विजेचे दिवे आले. विजेचा दिवा किती चांगली गोष्ट! त्यावर पोरं अभ्यास करतात, दवाखाने चालतात. पण गिरणीत दिवा लागला आणि रात्रीची ती मर्यादा गेली. १९०५ च्या सुमाराला कापडाला मागणी वाढली, तेव्हा दिवे असलेल्या मुंबईच्या गिरण्या रोज चौदा-पंधरा तास चालवल्या जात होत्या. दिव्याने मजुराला उजेड दिला आणि त्याची संध्याकाळ घेतली. दोष दिव्याचा नव्हता. दिव्याचं बटण कोणाच्या हातात होतं, हा मुद्दा आहे.

घड्याळाचंही तेच. १ जानेवारी १९०६ पासून देशभर एकच प्रमाणवेळ लागू करायचं सरकारने ठरवलं. मुंबईची स्थानिक वेळ या नव्या वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. घड्याळाचे काटे पुढे सरकवले, म्हणजे काय झालं? गिरणीचा भोंगा पूर्वीच्याच आकड्यावर वाजणार, पण मजुराला मात्र ३९ मिनिटं आधी, अंधारात उठावं लागणार. गिरणी कामगारांनी त्या जानेवारीत याविरुद्ध निदर्शनं केली. मुंबईच्या नगरपालिकेने तर स्वतःची जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. आज आपण म्हणू, काट्यांवरून कसलं भांडण? पण त्या माणसांना कळलं होतं की काटे सरकवणारा आपल्या झोपेतली ३९ मिनिटं घेतो आहे.

याच शहरात त्याआधी नारायण मेघाजी लोखंडे होऊन गेले होते. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या पाहा. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. यातल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत! पोटाला चिमटा असलेली ही माणसं आधी वेळ मागत होती. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्या गिरण्यांच्या विणकामखात्यांत उत्तरेतून आलेले मुसलमान विणकरही होते. मदनपुऱ्यात त्यांची वस्ती होती. माझे पूर्वज त्यांच्याच बिरादरीतले, पण ते मालेगावला आले. म्हणजे लोखंड्यांची लढाई ही 'त्यांची' लढाई नाही, ती आपलीही आहे. रविवारी अंथरुणात लोळताना आपल्याला वाटतं की सुट्टी कॅलेंडरमध्येच छापून आली होती. तसं नाही. ती कोणीतरी मागितली म्हणून मिळाली.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास. १९३४ मध्ये १० आणि ५४. १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, कायद्यात दुरुस्ती झाली आणि आठवडा ४८ तासांवर आला. १९४८ च्या कारखाना कायद्याने तेच कायम ठेवलं. या पस्तीस-चाळीस वर्षांत यंत्रं वेगवान झाली, पण तास यंत्रांमुळे कमी झाले नाहीत. संप, सभा, निवेदनं आणि कायदा यांमुळे कमी झाले.

मग अब्बा विसाव्या शतकाच्या शेवटीही बारा तास का राबत होते? कारण १९४८ चा कायदा विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा किंवा जास्त कामगार असतील तर लागू व्हायचा. नंतर ही मर्यादा वाढवत नेली गेली. यंत्रमागाचे कारखाने छोटे छोटे, एकाच छपराखाली वेगवेगळ्या नावांवर. कायद्याच्या चाळणीतून अब्बा खाली पडले. आमच्या गावात शुक्रवारी माग बंद असतात, तेवढाच एक दिवस त्यांचा. त्या दिवशी ते नमाज पढून येत, जेवत आणि झोपत. लहानपणी मला वाटायचं, अब्बांना आमच्याशी बोलायला आवडत नाही. पुढे कळलं, माणूस थकला होता.

आता संपत्तीकडे येते.

१९३० मध्ये इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी एक निबंध लिहिला. त्यांचा अंदाज असा की शंभर वर्षांत जग इतकं श्रीमंत होईल की माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल, आणि मोकळ्या वेळेचं करायचं काय हीच अडचण होईल. शंभर वर्षं भरत आली. संपत्ती वाढण्याचा त्यांचा अंदाज पुष्कळसा खरा ठरला. पंधरा तासांचा मात्र साफ चुकला. का?

माझं उत्तर असं. पहिलं कारण, वाढलेली संपत्ती सगळ्यांकडे सारखी गेली नाही. ज्याच्याकडे पैसा आला त्याने त्यातून दुसऱ्याचा वेळ विकत घेतला. दहा मिनिटांत घरी दूध येतं. छान आहे, मीही मागवते. पण ज्या अर्ध्या तासात मी दुकानात गेले असते, तो वाचला कुठून? माझ्या भावासारखा कोणीतरी सिग्नलवर जीव मुठीत धरून पळतो, तेव्हा तो वाचतो. वेळ वाचला असं आपण म्हणतो. बऱ्याचदा तो फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला असतो.

दुसरं कारण, पैसा आला म्हणजे ताबा येतोच असं नाही. माझी एक चुलत बहीण हिंजवडीत मोठ्या पगारावर आहे. आमच्या खानदानातली सगळ्यात जास्त कमावणारी. रात्री अकरा वाजता तिचा फोन वाजतो आणि ती जेवणावरून उठते. मी म्हटलं, सोड ना ही नोकरी. ती म्हणाली, "फ्लॅटचे अठरा वर्षांचे हप्ते आहेत, आपा." कर्जाचा हप्ता म्हणजे पुढची अठरा वर्षं आधीच विकलेली. मी कर्जाच्या विरोधात नाही, घर सगळ्यांना हवं. पण सही करताना व्याजाच्या दराबरोबर हेही मोजा की आपण 'नाही' म्हणण्याची किती वर्षं गहाण टाकतो आहोत.

तिसरी गोष्ट आपल्या घराच्या आतली आहे, आणि इथे बसलेल्या मुलांनी ती जरा लक्ष देऊन ऐकावी.

माझी दादी चुलीवर स्वयंपाक करायची, पाटा-वरवंट्यावर मसाला वाटायची. अम्मीकडे गॅस आला, मिक्सर आला, पुढे वॉशिंग मशीन आलं. अम्मीचे हात वाचले, हे खरं आहे आणि ते मी कधीच कमी लेखणार नाही. पण अम्मी मोकळी झाली का? पूर्वी कपडे आठवड्यातून दोनदा धुतले जायचे, मशीन आल्यावर रोज. पूर्वी एक सालन व्हायचं, मिक्सर आल्यावर त्याबरोबर दोन चटण्या. वाचलेल्या वेळेत अम्मी घरी बसून मागासाठी कांड्या भरायची. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या घरांबद्दल हेच दाखवून दिलं होतं: घरात यंत्रं आली, पण गृहिणीचे कामाचे तास त्या प्रमाणात घटले नाहीत, कारण अपेक्षा वाढल्या आणि घरातल्या इतरांनी अंग काढून घेतलं.

आपल्या देशाचे आकडे हवेत? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि मुळात असं काम करणारे पुरुष किती? चारात जेमतेम एक. रमजानचा महिना आठवा. रोजा दोघांचा असतो. सहरीला आधी कोण उठतं? इफ्तारच्या दस्तरखानाची तयारी दुपारपासून कोण करतं? तरावीहला घरचे पुरुष गेल्यावर भांड्यांपाशी कोण असतं? मालकाने आपला वेळ घेतला तर आपण जुलूम म्हणतो. घरात आपण घेतो तेव्हा त्याला रिवाज म्हणतो.

आता तुमच्या खिशातला फोन. मी फोनविरुद्ध भाषण देणार नाही, ती भाषणं तुम्ही घरी रोज ऐकता. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मी तहसील कचेरीत दोन दिवस रांगेत उभी होते. आज तुम्ही तो अर्ज घरून भरता. हा वेळ खरोखर वाचलेला वेळ आहे. पण त्याच फोनमध्ये पान खाली खाली सरकत राहतं आणि कधीच संपत नाही. ही न संपणाऱ्या पानाची युक्ती २००६ मध्ये एझा रास्किन या तंत्रज्ञाने तयार केली आणि पुढे त्याने स्वतः जाहीरपणे तिच्याबद्दल खंत व्यक्त केली. पान संपलं की माणूस थांबून विचार करतो. ती थांबण्याची जागाच काढून टाकली. गिरणीतला अंधार काढून टाकला होता, तसंच हे.

तंत्रज्ञान नेहमी असंच असतं का? नाही. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत इब्न अल-शातिर नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. नमाजाच्या वेळा ठरवणं हे त्यांचं काम. १३७१ च्या सुमाराला त्यांनी मशिदीच्या मिनारवर एक मोठं, अतिशय अचूक सूर्यघड्याळ बसवलं. त्या काळातलं ते उत्तम तंत्रज्ञान. त्या घड्याळाचा हिशेब सूर्यावर चालायचा, कोणा मालकाच्या मर्जीवर नाही. आता भावाच्या अ‍ॅपमधलं घड्याळ पाहा. त्याला किती मिनिटं उशीर झाला हे कंपनीला दिसतं, ग्राहकालाही दिसतं. पण त्याला पुढचं काम का मिळालं नाही, जास्तीचा पैसा कोणत्या हिशेबाने गेला, हे त्याला दिसत नाही. म्हणून कोणतंही नवं यंत्र आलं की मी तीन गोष्टी पाहते. बटण कोणाच्या हातात आहे? हिशेब कोणाला दिसतो? आणि वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो?

मग करायचं काय? उपदेश नको, कामाच्या चार गोष्टी सांगते.

एक, एका आठवड्याची वही ठेवा. रोज रात्री लिहा: आज किती तास मी ठरवल्याप्रमाणे गेले, किती दुसऱ्याने ठरवल्याप्रमाणे, आणि किती कसे गेले ते कळलंच नाही. मी हे केलं तेव्हा तिसऱ्या रकान्याने मला लाज आणली. पण दुसरा रकाना तेवढाच महत्त्वाचा आहे. सगळा दोष स्वतःच्या आळसावर घेऊ नका.

दोन, घरात वाटणी करा. एक वेळची भांडी, एक वेळचा स्वयंपाक मुलांनी घ्यावा, 'मदत' म्हणून नाही, स्वतःचं काम म्हणून. बहिणीला परीक्षेच्या आधी दोन तास मोकळे मिळाले तर त्याचा अर्थ काय होतो, हे मी बारावीत असताना अनुभवलं आहे. भाऊ तेव्हा तेरा वर्षांचा होता. दोन महिने संध्याकाळच्या भाकऱ्या त्याने थापल्या. मोहल्ल्यातली पोरं हसली. मी पास झाले.

तीन, कायदा वाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. त्यात कामगाराच्या संमतीची अट आहे. पण ज्याला उद्याची मजुरी हवी आहे त्याची संमती म्हणजे काय, हे अब्बांना विचारा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांत जादा कामाला दुप्पट दराची तरतूद आहे. 'गिग कामगार' हा शब्दही सामाजिक सुरक्षेच्या संहितेत आला आहे. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी वेगळा कायदा केला. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. म्हणजे या मागण्या हवेतल्या नाहीत.

चार, एकटे लढू नका. भावाने एकट्याने अ‍ॅप बंद केलं, तर त्याचं नुकसान झालं आणि कंपनीला पत्ताही लागला नाही. लोखंडे एकटे जाऊन 'मला रविवारी सुट्टी द्या' म्हणाले असते तर त्यांनाही कोणी विचारलं नसतं. ५,५०० सह्या होत्या आणि तरी सहा वर्षं लागली. तुमच्यात कोणी डिलिव्हरीचं काम करतं, कोणी कॉल सेंटरमध्ये आहे, कोणाचे वालिद मागावर आहेत, कोणाची आई लोकांच्या घरी धुणीभांडी करते. धर्म, जात, भाषा बाजूला ठेवून सगळ्यांना जोडणारा हा प्रश्न आहे. आपल्या वस्तीतल्या दहा जणांपासून सुरुवात होऊ शकते.

अब्बा आता घरीच असतात. मागांच्या आवाजाने कान कमी झाले आहेत. परवा मी त्यांना विचारलं, एवढा वेळ मिळाला आहे आता, काय करावंसं वाटतं? म्हणाले, "तुम्ही लहान होतात तेव्हा मिळाला असता तर सांगितलं असतं." मी काही बोलू शकले नाही. तो वेळ आता त्यांना कोणी परत देऊ शकत नाही. भावाला दोन वर्षांची मुलगी आहे. तिच्या बाबतीत अजून उशीर झालेला नाही.

मला दिलेला वेळ संपला. तुमचा मी जास्त घेत नाही. आता तुम्ही बोला, प्रश्न विचारा.